मोजणी, तुलना आणि परिचर्या

प्रस्तावना

रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात काही गोष्टी ‘येथे असेच करतात’ म्हणून केल्या जातात. कमी वजनाचे बाळ कोठे ठेवायचे, आईला त्याच्याजवळ केव्हा जाऊ द्यायचे, नाळेला काही लावायचे की ती कोरडी ठेवायची, या प्रश्नांची उत्तरे नवी परिचारिका जुन्या सिस्टरकडून शिकते. त्या सिस्टरने ती आपल्या आधीच्या सिस्टरकडून घेतलेली असतात. या परंपरेत पुष्कळ शहाणपण साठलेले असते आणि ते टाकाऊ मानण्याचे काहीच कारण नाही. मात्र त्याच परंपरेत चुकीच्या समजुतीही तितक्याच निष्ठेने जपल्या जातात. बाहेरून पाहता दोन्ही सारख्याच दिसतात. कोणती रीत जीव वाचवते आणि कोणती निव्वळ सवय आहे, हे ठरवायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या शिस्तबद्ध मार्गाला परिचर्या संशोधन म्हणतात. त्या संशोधनातून हाती आलेला पुरावा, परिचारिकेचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींचा मेळ घालून केलेल्या सेवेला पुराव्यावर आधारित परिचर्या असे नाव आहे. हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला संख्या आणि दर यांतील भेद सांगता येईल, सरासरी आणि मध्यक यांतून योग्य ते निवडता येईल, तुलनेसाठी दुसरा गट का लागतो हे स्पष्ट करता येईल आणि एखाद्या अभ्यासाचा निष्कर्ष वाचताना कोठे सावध राहावे हे ओळखता येईल.

संख्या बोलते, पण अर्धेच

क्रिमियाचे युद्ध १८५३ ते १८५६ या काळात झाले. जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिकांना जहाजांतून स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात आणले जाई. आज ही जागा इस्तंबूल शहराचा भाग आहे. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तेथे पोहोचल्या. हाती दिवा घेऊन रात्री रुग्णांमध्ये फिरणारी स्त्री ही त्यांची प्रतिमा सर्वांना ठाऊक आहे. परिचर्येच्या विद्यार्थ्याने मात्र त्यांच्या दुसऱ्या हातातील नोंदवहीकडे अधिक पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इंग्लंडला परतल्यावर नाइटिंगेल यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने युद्धकाळातील मृत्यूंचे आकडे तपासले. जानेवारी १८५५ या एका महिन्यात सैन्याची सरासरी संख्या ३२,३९३ होती. त्या महिन्यात जखमांमुळे ८३ सैनिक मरण पावले, इतर कारणांनी ३२४ आणि टाळता येण्याजोग्या साथीच्या रोगांनी २,७६१. शत्रूच्या गोळीपेक्षा घाण, गर्दी आणि दूषित पाणी कितीतरी अधिक घातक ठरले होते.

आता पुढील वर्षाचा तोच महिना पाहा. जानेवारी १८५६ मध्ये रोगांनी मेलेल्यांची संख्या ४२ होती. पण २,७६१ आणि ४२ या दोन संख्या शेजारी शेजारी ठेवून भागत नाही, कारण दोन्ही वेळी सैन्य सारखे नव्हते. १८५६ मध्ये ते ४४,२१२ इतके होते. म्हणून संख्येचे रूपांतर दरात करावे लागते. नाइटिंगेल यांनी मासिक मृत्यूंना १२ ने गुणले, सैन्यसंख्येने भागले आणि १,००० ने गुणले. हा झाला दर हजारी वार्षिक दर. जानेवारी १८५५ साठी तो येतो सुमारे १,०२३ आणि जानेवारी १८५६ साठी सुमारे ११.

हजारामागे हजाराहून अधिक मृत्यू, हे कसे शक्य आहे, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. तो पडायलाच हवा. या आकड्याचा अर्थ असा की, त्या महिन्याच्या गतीने माणसे मरत राहिली असती आणि नवी भरती झाली नसती, तर वर्ष संपण्यापूर्वीच सारे सैन्य केवळ रोगाने संपले असते. दर म्हणजे गती. ती एका महिन्याची असली तरी वर्षाच्या भाषेत सांगता येते. गाडी ताशी साठ किलोमीटर वेगाने जाते असे म्हणताना ती तासभर चाललेली असलीच पाहिजे, असे थोडेच असते?

हे आकडे मंत्र्यांना आणि लष्करी अधिकाऱ्यांना समजावेत म्हणून नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्तुळाकृती आकृत्यांमध्ये प्रत्येक महिन्यासाठी एक पाकळी काढली. पाकळीचे क्षेत्रफळ म्हणजे मृत्यूचा दर. भारताशीही त्यांचा असाच आकड्यांतून संबंध आला. त्या भारतात कधीच आल्या नाहीत. परंतु येथील लष्करी छावण्यांकडे प्रश्नावल्या पाठवून त्यांनी माहिती मिळवली. भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याविषयी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ असल्याचे त्यातून पुढे आले.

तथापि एक शंका येथेच उपस्थित केली पाहिजे. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोग स्कुटारीला पोहोचला, गटारे साफ झाली, हवा खेळती झाली आणि मृत्यू घटले. हे खरे. पण सप्टेंबर १८५५ मध्ये सेवास्तोपोल पडले आणि मोठी लढाई थांबली. दुसऱ्या हिवाळ्यात अन्नवस्त्राचा पुरवठाही सुधारलेला होता. मग घट नेमकी कशामुळे झाली आणि किती? केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करून या प्रश्नाचे पक्के उत्तर देता येत नाही, कारण मधल्या काळात एकच गोष्ट बदललेली नसते.

मधला आकडा कोणता घ्यावा?

पुढे जाण्यापूर्वी एक छोटे साधन हाताशी घेऊ. समजा, एका वॉर्डातील सात बाळंतिणी अनुक्रमे २, २, ३, ३, ३, ४ आणि २५ दिवस राहिल्या. सर्वांची बेरीज ४२. सातने भागले की सरासरी येते ६ दिवस. हा आकडा अहवालात लिहिला तर वाचणाऱ्याला वाटेल की, बहुतेक स्त्रिया जवळजवळ आठवडाभर राहतात. वास्तविक सातांपैकी सहाजणी चार दिवसांच्या आत घरी गेल्या आहेत. एका गुंतागुंतीच्या रुग्णाने सरासरी ओढून वर नेली. आकडे चढत्या क्रमाने मांडून बरोबर मधला, म्हणजे चौथा आकडा घेतला तर तो ३ येतो. यालाच मध्यक म्हणतात. सर्वांत जास्त वेळा आलेली संख्या म्हणजे बहुलक. तीही येथे ३ आहे.

बाळांचे वजन, रक्तदाब अशा बऱ्याचशा समतोल पसरलेल्या मापांना सरासरी शोभते. रुग्णालयातील मुक्काम, खर्च, प्रतीक्षेचा वेळ यांना मध्यक अधिक न्याय देतो. आकडे मध्याभोवती किती पसरले आहेत हे सांगणाऱ्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. त्याचे गणित या पाठात करावयाचे नाही. पसरण मोठी असेल तर सरासरीवर कमी विसंबावे, एवढे ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

पाठगत प्रश्न

१. एका गावात वर्षात ४ नवजात बालके दगावली आणि शेजारच्या गावात ६. दुसऱ्या गावाची स्थिती अधिक वाईट आहे, असे म्हणण्यासाठी आणखी कोणती माहिती हवी?
२. वरील सात आकड्यांतून २५ वगळला तर सरासरी आणि मध्यक किती येतात? दोहोंपैकी कोणते अधिक बदलले?

गडचिरोलीतील तुलना

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. बालमृत्यूंची कारणे शोधताना त्यांच्या लक्षात आले की, मृत्यूंचा मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत घडतो. प्रसूती बहुधा घरीच होत. आजारी बाळाला दूरच्या रुग्णालयात नेणे अनेक कुटुंबांना शक्य होत नसे. मग प्रश्न असा उभा राहिला: बाळ रुग्णालयात जात नसेल तर काळजीच घरी नेता येईल का?

ही कळकळ झाली. अजून तो संशोधनाचा प्रश्न नव्हे. संशोधनाच्या प्रश्नात चार गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात. कोणाविषयी विचारतो आहोत, त्यांच्यासाठी काय करणार आहोत, कशाशी तुलना करणार आहोत आणि कोणता परिणाम मोजणार आहोत. या साच्यात बसवल्यावर प्रश्न असा होतो: ग्रामीण भागातील नवजात बालकांना प्रशिक्षित गावकरी स्त्रीने घरी जाऊन काळजी दिली, तर नेहमीच्या सेवा मिळणाऱ्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर कमी होतो का? असा प्रश्न नीट मांडला गेला की अर्धे काम झाले. जो प्रश्न या चार खणांत बसत नाही, त्याचे उत्तर सहसा गोळा केलेल्या माहितीच्या ढिगाऱ्यात हरवते.

संशोधकांनी ३९ गावांत ही सेवा द्यायचे ठरवले आणि ४७ गावे तुलनेसाठी घेतली. या दुसऱ्या गटाला नियंत्रण गट म्हणतात. तेथे सरकारी आरोग्यसेवा पूर्वीप्रमाणे चालू राहिल्या. १९९३ ते १९९५ या काळात दोन्ही भागांची आरंभीची स्थिती मोजण्यात आली. त्यानंतर गावातीलच साक्षर स्त्रियांना प्रशिक्षण दिले गेले. त्यांना पुढे ‘आरोग्यदूत’ हे नाव मिळाले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपानास मदत करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे हे त्या शिकल्या. दुसऱ्या वर्षापासून संसर्ग झालेल्या बाळाला पालकांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचे कामही त्या करू लागल्या. थोडेफार शिकलेल्या खेड्यातील बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यावे, या कल्पनेनेच त्या काळी अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. म्हणूनच पुराव्याची गरज होती. मत कितीही जोरदार असले तरी अशा वेळी कामास येत नाही.

मोजणीची काळजी येथे विशेष घेतली गेली. खेड्यात जन्मून दोन दिवसांत गेलेल्या बाळाची नोंद कागदावर उमटतेच असे नाही. नोंद सुटली तर मृत्यू कमी झाल्याचा आभास निर्माण होतो. म्हणून जन्म-मृत्यूंची नोंद गावपातळीवर ठेवून दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन ती पुन्हा पडताळण्यात आली, आणि तीही दोन्ही भागांत सारख्याच पद्धतीने. मापन विश्वसनीय असणे म्हणजे हेच. तुमच्या कामातील साधे उदाहरण घ्या. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा होत असेल तर तो जलद मानतात. एका सिस्टरने पंधरा सेकंद मोजून चारने गुणले आणि दुसरीने पूर्ण मिनिट मोजले, तर एकाच बाळाविषयी दोघींचे निदान वेगळे होऊ शकते. साधन आणि रीत एकच नसेल तर पुढचे सारे गणित व्यर्थ जाते.

निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सेवा दिलेल्या गावांत नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता. तिसऱ्या वर्षी तो २५.५ वर आला. नियंत्रण गावांत तो आरंभी ५८ होता आणि तिसऱ्या वर्षी जवळजवळ ६०. आता स्कुटारीची शंका आठवा. पाऊसपाणी, रस्ते, सरकारी योजना, महागाई यांतील बदल दोन्ही भागांना सारखेच भोगावे लागले होते. नियंत्रण गावांत दर घटला नाही, याचा अर्थ पहिल्या भागातील घट केवळ काळ पुढे सरकल्याने झालेली नाही. दोन्ही भागांतील बदल विचारात घेऊन काढलेली निव्वळ घट सुमारे ६२ टक्के भरली. १९९७-९८ मध्ये काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला, असाही हिशेब संशोधकांनी मांडला. अठरा घरे म्हणजे एका आरोग्यदूताच्या डोळ्यांसमोरची घरे. शेकडेवारीपेक्षा हा आकडा मनाला लवकर भिडतो.

अहवालात आणखी एक खूण दिसते: पी ०.००१ पेक्षा कमी. तिचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. सेवेचा खरोखर काहीच परिणाम होत नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी आहे, इतकेच ती सांगते. उपाय किती उपयुक्त आहे, किती स्वस्त आहे, इतरत्र तो चालेल का, यांविषयी ती मौन पाळते.

या अभ्यासाची एक मर्यादाही जाणून घ्या. कोणत्या गावाला सेवा मिळावी हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. अशा वेळी दोन भागांत मुळातच काही न दिसणारा फरक असू शकेल, अशी शंका उरते. पुढे अन्य ठिकाणीही घरच्या काळजीचे अभ्यास झाले, पुरावा साचत गेला आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात बालसेवेची योजना देशभर सुरू केली. आशाताई बाळाला भेटायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते, तेव्हा तिच्या पिशवीतील वजनकाट्यामागे हा सारा इतिहास उभा असतो.

चिठ्ठी टाकून केलेली निवड

कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे बांधून ठेवण्याच्या रीतीला कांगारू मातृसेवा म्हणतात. तिचा आरंभ कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाला. ती उपयुक्त आहे हे पुढे मान्य झाले, परंतु रूढ नियम असा होता की, बाळ स्थिर झाल्यावरच तिला प्रारंभ करावा. तोवर बाळ अतिदक्षता विभागात आणि आई प्रसूतीच्या वॉर्डात. नियम वाजवी वाटत होता. अडचण एवढीच की, अत्यंत लहान बाळांपैकी अनेकजण स्थिर होण्यापूर्वीच दगावत.

घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतील पाच रुग्णालयांत या नियमाची परीक्षा झाली. भारतातील रुग्णालय होते दिल्लीचे सफदरजंग. १ किलो ते १.७९९ किलो वजनाची ३,२११ बाळे अभ्यासात घेतली गेली. कोणते बाळ जन्मताच आईच्या छातीशी जाईल आणि कोणते स्थिर झाल्यावर, हे डॉक्टर किंवा सिस्टर यांनी ठरवले नाही. ते यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले. याचे कारण मानवी स्वभावात आहे. निवड आपल्या हाती असती तर दयाळू सिस्टरने तरतरीत बाळ आईकडे दिले असते आणि मलूल बाळ यंत्राजवळ ठेवले असते. मग आईजवळची बाळे अधिक जगली असती, पण ती मुळातच सशक्त होती म्हणून. चिठ्ठीला दया नसते, म्हणून ती दोन्ही गटांत सशक्त आणि अशक्त बाळे सारखी वाटते.

पहिल्या गटात अतिदक्षता विभागात असताना आईच्या स्पर्शाचा दैनिक मध्यक १६.९ तास होता, दुसऱ्या गटात १.५ तास. २८ दिवसांत पहिल्या गटातील १२ टक्के बाळे दगावली आणि दुसऱ्या गटातील १५.७ टक्के.

येथे भाषेकडे लक्ष द्या. ‘मृत्यू ३.७ टक्क्यांनी घटले’ असे एकजण म्हणेल आणि ‘मृत्यू २५ टक्क्यांनी घटले’ असे दुसरा. आकडे एकच आहेत. १५.७ मधून १२ वजा केले तर ३.७ उरतात, हा शंभर बाळांमागे प्रत्यक्ष पडलेला फरक. दर जवळजवळ तीन चतुर्थांशावर आला, म्हणून सापेक्ष घट २५ टक्के. औषधाची जाहिरात करणारा नेहमी मोठा आकडा निवडतो. शंभराला ३.७ ने भागले की सुमारे २७ येतात: २७ बाळांना लगेच आईजवळ दिले तर एक जादा बाळ वाचते. वाक्य लिहिताना कोणती घट सांगत आहोत ते स्पष्ट लिहावे.

सापेक्ष धोका ०.७५ आला आणि त्याची ९५ टक्के विश्वास मर्यादा ०.६४ ते ०.८९ होती. अभ्यासातील बाळे हा जगातील सर्व बाळांचा केवळ नमुना असतो. नमुन्यावरून काढलेल्या उत्तराभोवती अनिश्चिततेचा पट्टा असतोच. १ म्हणजे ‘काहीच फरक नाही’. संपूर्ण पट्टा १ च्या खाली असल्याने येथे घट झाली असे आत्मविश्वासाने म्हणता येते. पहिल्या ७२ तासांतील मृत्यूंचा पट्टा मात्र ०.५८ ते १.०४ होता. तो १ ला ओलांडतो. म्हणून त्या तीन दिवसांविषयी संशोधकांनी ठाम दावा केला नाही. ‘परिणाम होत नाही’ असेही त्यांनी म्हटले नाही. पुरावा अपुरा असणे आणि परिणाम नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

फायदा स्पष्ट दिसू लागताच देखरेख मंडळाच्या सल्ल्याने हा अभ्यास मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. एका गटाला चांगला उपाय नाकारत राहणे नैतिक ठरले नसते. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली: कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आईच्या छातीशी द्यावे. स्वतः श्वास घेऊ न शकणारे किंवा रक्ताभिसरण कोलमडलेले बाळ याला अपवाद आहे.

कागदावरून खाटेपर्यंत

शिफारस बदलली म्हणून वॉर्ड बदलतो असे नाही. आईसाठी अतिदक्षता विभागात खाट हवी. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली आई पहिल्या दिवशी बाळाला सोळा तास धरू शकेलच असे नाही. मग आजी किंवा वडील तयार होतील का, हे विचारावे लागते. काही घरांत वडिलांनी उघड्या अंगाने बाळ छातीशी धरणे संकोचाचे वाटते. तेथे पुराव्याच्या आकड्यांहून सिस्टरचे समजावणे अधिक काम करते. आणि सारे समजल्यावरही आई नको म्हणाली, तर तिच्या नकाराचा मान राखूनच पुढचा मार्ग शोधावा लागतो.

यानंतर आपल्याच वॉर्डात मोजणी सुरू होते. बाळ आईकडे किती तासांनी गेले, रोज किती वेळ राहिले, त्याचे तापमान ३६.५ अंशांखाली किती वेळा गेले, हे एका साध्या तक्त्यात रोज लिहिता येते. त्यासाठी संगणक लागत नाही. मात्र रकाना रिकामा राहिला तर तेथे अंदाजाने आकडा भरू नये. ‘नोंद नाही’ असेच लिहावे.

स्वाध्याय

१. गडचिरोलीच्या अभ्यासात उपचारापूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली; आरोग्यदूतांच्या उपचारानंतर ७१ पैकी २.८ टक्के. प्रत्येक वेळी प्रत्यक्ष किती बाळे दगावली ते काढा. ही तुलना कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्यावर कोणती शंका घेता येईल?

२. ‘पायाला तेल चोळल्याने वृद्ध रुग्णांना झोप चांगली लागते का?’ हा प्रश्न चार घटक स्पष्ट होतील असा पुन्हा लिहा. झोप कशी मोजाल?

३. ‘चिठ्ठीला दया नसते’ या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

४. दर, प्रमाण, सरासरी, मध्यक या शब्दांचा प्रत्येकी एका वाक्यात असा उपयोग करा की, त्यांतील अर्थभेद उघड होईल.

५. तुमच्या परिसरातील आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका यांच्याशी बोला. त्या रोज कोणत्या नोंदी ठेवतात आणि त्या नोंदींचे पुढे काय होते, याविषयी एक परिच्छेद लिहा. कोणत्याही रुग्णाचे नाव लिहू नका.